बोका उडी मारायची सोडतो तेव्हा: मांजरांच्या संधिवाताविषयी

माझ्याकडे आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातला तेरा वर्षांचा, निर्बीजीकरण झालेला, ६.२ किलो वजनाचा बोका गेले सात-आठ महिने पलंगावर उडी मारत नाही. त्याच्या कमरेवरच्या केसांत जटा होऊ लागल्या आहेत आणि अलीकडे तो लिटर ट्रेच्या, म्हणजे शी-शू साठी ठेवलेल्या खड्यांच्या ट्रेच्या, आत न जाता कडेलाच लघवी करतो. तो लंगडत नाही, जेवणही व्यवस्थित आहे. घरच्यांच्या मते तो आता म्हातारा झाला आहे, एवढेच. प्रश्नकर्त्या बाईंना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. हा संधिवात असू शकतो का? आजींसाठी घरात आणलेल्या गुडघेदुखीच्या गोळीचा तुकडा दिला तर चालेल का? आणि उपचार केले तर फरक किती दिवसांत दिसेल?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘बहुधा होय’ असे आहे आणि दुसऱ्याचे ‘मुळीच नाही’. तिसऱ्याचे उत्तर देण्याआधी बरेच काही सांगावे लागेल.

मी पुण्यात गेली बावीस वर्षे कुत्र्या-मांजरांवर उपचार करतो. त्यातली पहिली सात-आठ वर्षे मांजरांमधला हा आजार माझ्याही हातून निसटत असे, हे आधीच कबूल करतो. कारण साधे होते. कुत्रा लंगडत दवाखान्यात येतो, दुखरा पाय उचलून धरतो, त्यामुळे निदानाची सुरुवात आपोआप होते. मांजराचे तसे नसते. मांजराच्या सांध्यांची झीज बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखीच होते. दोन्ही खुबे, दोन्ही गुडघे किंवा दोन्ही कोपरे दुखत असतील तर भार टाकायला ‘चांगला पाय’ उरतच नाही, मग लंगडणार कसे? शिवाय मांजर स्वतः शिकारी असले तरी आकाराने लहान असल्यामुळे ते दुसऱ्याचे भक्ष्यही असते, आणि अशा प्राण्याला दुखणे उघड करणे परवडत नाही. ज्या हालचालीने दुखते ती हालचाल ते बेताने वगळत जाते. जिथे चढताना दुखते तिथे ते चढत नाही, आणि आपण म्हणतो की याला आता आवड उरली नाही.

हा आजार किती सर्रास आढळतो याची कल्पना २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातून येते. त्यात बारा वर्षांपेक्षा मोठ्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासण्यात आले आणि त्यांपैकी ९० मांजरांमध्ये सांध्यांच्या किंवा मणक्यांच्या झिजेच्या खुणा सापडल्या. हे एक्स-रे मुळात बहुतांशी इतर कारणांसाठी काढलेले होते. अर्थात एक्स-रेवर झीज दिसणे आणि मांजराला दुखत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याविषयी पुढे लिहितो.

सांध्यात नेमके काय होते ते पाहू. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते आणि सांध्याच्या पिशवीत वंगणासारखा द्रव असतो. कूर्चेला एकदा इजा झाली किंवा ती वयोमानाने पातळ होऊ लागली की तिच्या सूक्ष्म कणांमुळे सांध्याच्या अस्तराला सूज येते. त्या सुजेतून निघणारी रसायने कूर्चा आणखी खातात, वंगण पातळ होते आणि हाड आपल्या परीने सांधा स्थिर करण्यासाठी कडेला काट्यांसारखी वाढ काढते. हे चक्र एकदा सुरू झाले की उलटे फिरत नाही. त्याचा वेग मात्र कमी करता येतो आणि त्यातले दुखणे बऱ्याच अंशी काढून घेता येते. दुखणे फार दिवस तसेच राहिले तर मज्जातंतूच जास्त संवेदनशील होतात आणि साधा स्पर्शही टोचू लागतो. पाठीवरून हात फिरवला की कातडी थरथरवणारी आणि वळून चावा घेऊ पाहणारी म्हातारी मांजरे मी अनेकदा पाहतो. ‘हल्ली फार रागीट झाली आहे’ अशी त्यांची तक्रार येते. ती चिडकी झालेली नसतात, त्यांचे दुखत असते.

कुत्र्यामध्ये संधिवाताचे मूळ बहुधा सापडते, मांजरात बरेचदा सापडत नाही. तरीही काही कारणे विचारून घ्यावीत. लहानपणी गॅलरीतून किंवा खिडकीतून पडल्याचा इतिहास हे आपल्या शहरांतले मोठे कारण आहे. चौथ्या मजल्यावरून पडून ‘काही झाले नाही’ म्हणून घरी नेलेले पिल्लू आठ-दहा वर्षांनी त्याच कोपरामुळे माझ्याकडे येते. मेन कून जातीत खुब्याची जन्मजात ढिलाई आढळते. दुमडलेल्या कानांची स्कॉटिश फोल्ड मांजरे हल्ली मुंबई-पुण्यात हौसेने विकत घेतली जातात. तो दुमडलेला कान मुळात कूर्चेच्या आनुवंशिक दोषामुळे दुमडतो आणि तोच दोष घोट्यांत व शेपटीच्या मणक्यांतही असतो. अशा पिल्लाला तरुणपणीच संधिवात होऊ शकतो. माझे स्पष्ट मत आहे की ही जात विकत घेऊ नये, पण ज्यांच्या घरात ती आधीच आहे त्यांनी म्हातारपणाची वाट न पाहता पहिल्या वर्षापासूनच तिच्या चालण्याकडे लक्ष द्यावे.

आणखी एक कारण आपल्याकडच्या स्वयंपाकघरातले आहे. अनेक घरांत मांजराला रोज फक्त कलेजी दिली जाते, कारण ती स्वस्त मिळते आणि मांजर ती आवडीने खाते. कलेजीत जीवनसत्त्व ‘अ’ फार मोठ्या प्रमाणात असते आणि मांजराच्या शरीरातून ते सहजी बाहेर पडत नाही. महिनोन् महिने असा आहार राहिला तर मानेच्या मणक्यांमध्ये आणि कोपरांच्या भोवती नवीन हाड तयार होऊन सांधे जोडले जातात. माझ्याकडे आलेली एक सात वर्षांची मांजरी ताटलीतले अन्न खाण्यासाठी मान खाली नेऊ शकत नव्हती, ती संपूर्ण शरीर तिरके करून खात असे. एक्स-रेमध्ये तिच्या मानेचे मणके एका सलग पट्टीसारखे दिसत होते. तिच्या घरी चार वर्षे रोज कोंबडीची कलेजी शिजत होती. आहार बदलल्यावर आजार पुढे सरकायचा थांबला, पण जुळलेली मान मोकळी झाली नाही. आठवड्यातून एकदा चव म्हणून दिलेल्या छोट्या तुकड्याने काही होत नाही. कलेजी हेच जेवण असू नये.

आता तुमच्या बोक्याकडे वळू. लंगडणे शोधण्याऐवजी त्याने काय करायचे सोडले ते लिहून काढा. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी मालकांना विचारण्यासाठी सहा साधे प्रश्न सुचवले आहेत आणि ते मी रोज वापरतो. मांजर सहज धावते का, उंच जागी उडी मारते का, उंचावरून खाली उडी मारते का, जिना चढते का, जिना उतरते का, आणि हलणाऱ्या वस्तूच्या मागे लागते का? यांपैकी एकाही गोष्टीत पूर्वीपेक्षा बदल झाला असेल तर पुढची तपासणी करण्याइतके कारण मिळाले असे समजावे. ‘करते’ आणि ‘पूर्वीसारखे करते’ यांत फरक आहे, म्हणून उत्तर देताना दोन वर्षांपूर्वीचे मांजर डोळ्यांसमोर आणावे. जुन्या मोबाइलमधले व्हिडिओ येथे फार उपयोगी पडतात.

पाहायचे कसे, तेही सांगतो. पलंगावरून उतरताना निरोगी मांजर चारही पायांनी एका झेपेत उतरते. दुखणारे मांजर आधी पुढचे दोन पाय पलंगाच्या बाजूवरून शक्य तितके खाली सरकवते, क्षणभर थांबते आणि मग धपकन खाली येते. वर चढताना ते मान वर करून अंतर मोजते, मागचे ढुंगण दोन-तीनदा हलवते, पुढच्या नख्या चादरीत रुतवून शरीर ओढून घेते, किंवा विचार बदलून निघून जाते. जिना चढताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलते. नखांकडेही पाहा. खांब किंवा सोफा ओरबाडणे कमी झाल्यामुळे आणि हालचाल मंदावल्यामुळे नखे जाड होतात, आत वळतात आणि फरशीवर टकटक वाजू लागतात. कधी ती तळव्याच्या गादीतच घुसलेली सापडतात. तुमच्या बोक्याच्या कमरेवरच्या जटांचाही याच्याशी संबंध आहे, कारण पाठीचा मागचा भाग चाटण्यासाठी कणा वाकवून मागे वळावे लागते आणि नेमके तेच त्याला जमेनासे झाले असावे.

लिटर ट्रेबाहेरच्या लघवीबाबत मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. ट्रेची कड उंच असेल, आत शिरताना खुबे दुखत असतील आणि खडबडीत खड्यांवर उकिडवे बसणे नकोसे वाटत असेल, तर मांजर ट्रेच्या अगदी शेजारी लघवी करते. तुमच्या वर्णनात हेच दिसते. पण मूत्राशयाची सूज, खडे, मूत्रपिंडाचा जुना आजार आणि मधुमेह यांतही ट्रेची सवय मोडते. बोका वारंवार लघवीला बसत असेल, जोर लावत असेल आणि थेंबही येत नसेल, तर मूत्रमार्ग बंद झाला असण्याची शक्यता असते. अशा वेळी रात्र असली तरी त्याच रात्री दवाखाना गाठावा, सकाळपर्यंत थांबू नये. त्याचप्रमाणे मागचे पाय अचानक लुळे पडले, तळवे गार लागले आणि मांजर ओरडू लागले, तर तो संधिवात नव्हे. हृदयातून सुटलेली रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते आणि तिथे मिनिटांचा हिशेब असतो. मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालणाऱ्या मांजराची रक्तातील साखर आधी तपासावी.

दवाखान्यात जाण्यापूर्वी घरी तीन व्हिडिओ काढा: पलंगावर किंवा खुर्चीवर चढतानाचा, उतरतानाचा आणि सरळ चालतानाचा. प्रत्येकी अर्ध्या मिनिटाचा पुरे. आमच्या टेबलावर आलेले मांजर भीतीने इतके आखडलेले असते की त्याची चाल पाहून काहीच कळत नाही. मी मांजराला आधी पिंजऱ्यातून स्वतः बाहेर येऊ देतो, खोलीत जमिनीवर फिरू देतो आणि सांधे तपासायचे काम शेवटी करतो, तेही मालकांच्या मांडीजवळ ठेवून. खुबा मागे ताणताना, कोपर पूर्ण दुमडताना आणि कमरेच्या मणक्यांवर बोटांनी हलका दाब देताना मांजर अंग काढून घेते का, श्वास रोखते का, वळून हाताकडे पाहते का, हे पाहावे लागते. एक्स-रे काढायचा तर बहुधा हलकी गुंगी द्यावी लागते, आणि तेरा वर्षांच्या बोक्याला गुंगी देण्याआधी रक्ततपासणी हवी. एक्स-रे भयंकर दिसूनही आनंदात उड्या मारणारी मांजरे असतात आणि एक्स-रे स्वच्छ असूनही दुखणारी असतात. म्हणून एक्स-रेवरून उपचार ठरत नाहीत. मोडलेले हाड, गाठ किंवा जंतुसंसर्ग असे दुसरे काही नाही ना, याची खात्री करणे हा त्याचा मुख्य उपयोग आहे.

रक्त आणि लघवीची तपासणी मात्र मी कधीही टाळू देत नाही. तेराव्या वर्षी सांधे आणि मूत्रपिंडे एकाच वेळी थकलेली असणे ही अगदी नेहमीची जोडी आहे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडे किती काम करतात ते दाखवणारा रक्तातला घटक), लघवीची घनता, रक्तदाब, रक्तातील साखर आणि थायरॉइड एवढे तरी पाहावे. बोका पर्शियन किंवा पर्शियन संकर असेल तर मूत्रपिंडांची सोनोग्राफीही करून घ्यावी, कारण त्या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. पुढे कोणते औषध देता येईल हे या कागदावर ठरते.

औषधाच्या आधी घराविषयी लिहितो. माझ्या अनुभवात निम्मा फरक तिथेच पडतो आणि त्याला खर्चही फारसा येत नाही. आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्स या संधिवात झालेल्या मांजराच्या सर्वांत मोठ्या शत्रू आहेत. मागचे पाय दर पावलाला किंचित बाहेर सरकतात, ते आवरण्यासाठी स्नायू ताणले जातात आणि मांजर हळूहळू भिंतीच्या कडेने चालू लागते. बोक्याची रोजची वाट कोणती, हे दोन दिवस पाहा. झोपायच्या जागेपासून पाण्याच्या वाटीपर्यंत, तिथून ट्रेपर्यंत आणि त्याच्या आवडत्या खिडकीपर्यंत सतरंजीच्या पट्ट्या, जुन्या योगा मॅट किंवा मागे रबर असलेली पायपुसणी टाका. घर काही दिवस प्रदर्शनासारखे दिसेल, पण दुसऱ्याच आठवड्यात तो खोलीच्या मधून चालताना दिसला तर नवल वाटून घेऊ नका.

लिटर ट्रे बदला. प्लास्टिकचा मोठा, उथळ टब घ्या आणि त्याची एक बाजू जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटर एवढीच उरेल अशी कापून कड घासून गुळगुळीत करा. टब इतका लांब हवा की बोक्याला आत पूर्ण वळता येईल. आत बारीक, मऊ वाळूसारखे लिटर घाला, जाड गोळ्या नकोत. ट्रे बाथरूमच्या उंबरठ्यापलीकडे किंवा बंद गॅलरीत असेल तर बोका बसतो त्याच खोलीत तो आणा. घर दोन मजली असेल तर प्रत्येक मजल्यावर एक ट्रे ठेवा. पलंगाशेजारी पायऱ्या लावा. बाजारातल्या पायऱ्या महाग वाटल्या तर घट्ट बांधलेली जुनी गादी किंवा गोधडीने गुंडाळलेले लाकडी पाट एकावर एक पक्के बसवून काम भागते. पायरी हलता कामा नये, कारण एकदा ती हलली की मांजर तिच्यावर पुन्हा विश्वास ठेवत नाही. खाण्याची आणि पाण्याची भांडी दहा-बारा सेंटिमीटर उंचीवर ठेवल्यास मान आणि कोपरांवरचा ताण कमी होतो. थंडीच्या दिवसांत त्याची जागा खिडकीच्या झोतापासून दूर, जाड अंथरुणावर करा. कोमट पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून त्या अंथरुणाच्या अर्ध्याच भागावर ठेवावी, म्हणजे नको वाटले तर त्याला बाजूला सरकता येते. नखे दर दोन-तीन आठवड्यांनी कापा आणि जटा कात्रीने कापण्याच्या भानगडीत न पडता दवाखान्यात मशीनने काढून घ्या. पातळ कातडी कात्रीत येऊन टाके घालावे लागलेली मांजरे मी पाहिली आहेत.

वजन हा पुढचा मुद्दा. सर्वसाधारण बांध्याच्या देशी बोक्याचे वजन चार-पाच किलो असते, तेव्हा ६.२ किलो म्हणजे एक किलोहून अधिक जास्तीचा भार आहे. बोक्याच्या एक किलोची तुलना माणसाच्या एक किलोशी करू नका, तो त्याच्या शरीराचा जवळजवळ पाचवा हिस्सा आहे. हे वजन उतरवायचे, पण सावकाश. आठवड्याला शरीराच्या एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे साठेक ग्रॅम, एवढी घट पुरेशी आहे. या हिशेबाने पाच महिने तरी लागतील. उपाशी ठेवून वजन उतरवण्याचा प्रयत्न मांजरात जिवावर बेततो. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस खाणे सोडले तर साठलेली चरबी यकृतात जाऊन बसते आणि यकृत बंद पडू लागते. कोरडे खाद्य स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजा, वाटीने मोजू नका. शक्य असेल तर त्याचा काही भाग ओल्या खाद्यात बदला. येता-जाता मिळणारे दूध, चिवड्यातले शेंगदाणे आणि सुकटीचे तुकडे घरातल्या प्रत्येकाने थांबवले पाहिजेत. आजी-आजोबांना हे पटवणे हा उपचारातला सर्वांत अवघड भाग असतो, हे मी थट्टेने म्हणत नाही.

आता गोळीचा प्रश्न. घरातली कोणतीही वेदनाशामक गोळी, तिचा तुकडा किंवा चिमूटभर पूडही बोक्याला देऊ नका. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. माणसाचे यकृत ते ज्या मार्गाने निरुपद्रवी करून बाहेर टाकते तो मार्ग मांजराच्या यकृतात जवळजवळ नाही. परिणामी रक्तातील हिमोग्लोबिन बिघडते आणि त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. काही वर्षांपूर्वी ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्धा तुकडा दुधातून दिलेली एक मांजरी माझ्याकडे पहाटे आली होती. हिरड्या राखाडी निळ्या, चेहरा आणि पुढचे पंजे सुजलेले, आणि सुईत आलेले रक्त कोको घोळल्यासारखे तपकिरी. प्राणवायू, सलाइन, उतारा म्हणून दिले जाणारे औषध हे सर्व करूनही ती दुसऱ्या दिवशी गेली. दिलेली गोळी प्रेमाने दिलेली होती. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन आणि नाइमसुलाइड यांनाही हीच मनाई लागू आहे. डायक्लोफेनॅकवर तर भारतात जनावरांसाठी २००६ सालापासूनच बंदी आहे. ते दिलेल्या गुरांचे मृतदेह खाऊन गिधाडे मेली म्हणून ती घातली गेली आणि गुरांसाठी सुरक्षित पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅमचे नाव तेव्हापासून घरोघर पोहोचले.

मेलॉक्सिकॅम हे औषध मांजरांच्या संधिवातासाठी खरोखरच वापरले जाते, आणि म्हणूनच त्याविषयी अधिक सावध राहावे लागते. युरोपात २००७ सालापासून ते मांजरांच्या सांध्यांच्या जुनाट दुखण्यासाठी मान्य आहे. अमेरिकेत मात्र मूत्रपिंड निकामी झाल्याच्या घटनांमुळे २०१० साली ते मांजराला वारंवार देण्याविरुद्ध ठळक इशारा छापण्यात आला. दोन्ही बाजूंना आपापली कारणे आहेत. माझे मत असे की तपासण्या ठीक असलेल्या, नियमित खाणाऱ्या आणि पाणी पिणाऱ्या मांजराला हे औषध कमीत कमी मात्रेत आणि देखरेखीखाली उत्तम लागू पडते. चूक होते ती मोजमापात. युरोपातल्या मान्यतेप्रमाणे रोजची मात्रा किलोला ०.०५ मिलिग्रॅम आहे. पाच किलो वजन धरले तर ती ०.२५ मिलिग्रॅम होते, म्हणजे मांजरांसाठीच्या ०.५ मिलिग्रॅम प्रतिमिलिलिटर द्रवाचा अर्धा मिलिलिटर. कुत्र्यांसाठीचा द्रव १.५ मिलिग्रॅमचा असतो, त्याचा अर्धा मिलिलिटर दिला की मात्रा तिप्पट होते. माणसांची ७.५ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे पाच किलोच्या मांजराची तीस दिवसांची मात्रा. हा हिशेब मी घरी औषध सुरू करण्यासाठी दिलेला नाही, चुकीची बाटली किती महागात पडते हे कळावे म्हणून दिला आहे. डॉक्टरांनी दिलेल्या बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरची खूण त्यांच्याकडून पेनने करून घ्या. औषध नेहमी खाल्ल्यानंतरच द्यावे. उलटी, जुलाब, काळी शी, खाणे सोडणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी औषध थांबवून फोन करावा. मला फरक दिसला की मी मात्रा टप्प्याटप्प्याने खाली आणतो आणि बरीच मांजरे निम्म्याहूनही कमी मात्रेवर सुखाने राहतात.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने मांजर दुसऱ्या दिवशी धावू लागते, म्हणून ते काही ठिकाणी सर्रास टोचले जाते. दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेरॉइडमुळे लठ्ठ बोक्याला मधुमेह होऊ शकतो आणि मेलॉक्सिकॅमच्या जोडीला ते गेले तर जठराला भोके पडण्यापर्यंत वेळ येते. आधी असे इंजेक्शन झाले असेल तर नव्या डॉक्टरांना ते जरूर सांगा.

ज्या मांजरांची मूत्रपिंडे थकलेली आहेत त्यांच्यासाठी गॅबापेन्टिन हे मज्जातंतूंच्या दुखण्यावरचे औषध उपयोगी पडते, मात्र मूत्रपिंडाच्या आजारात त्याचीही मात्रा कमी करावी लागते. पहिले काही दिवस मांजर पेंगते, झोकांड्या देते, म्हणून संध्याकाळी थोड्या मात्रेने सुरुवात करावी. आपल्याकडे मिळणाऱ्या माणसांच्या अनेक गोळ्यांत गॅबापेन्टिनबरोबर नॉर्ट्रिप्टिलिनसारखे दुसरे औषध मिसळलेले असते, ती गोळी चालत नाही. अलीकडच्या काळातली मोठी भर म्हणजे फ्रुनेव्हेटमॅब हे महिन्यातून एकदा कातडीखाली द्यायचे इंजेक्शन. वेदना वाढवणाऱ्या एका प्रथिनाला ते निकामी करते. युरोपात २०२१ साली आणि अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये त्याला मान्यता मिळाली, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) कोणत्याही प्राण्यासाठी मान्य केलेले ते पहिले मोनोक्लोनल प्रतिपिंड, म्हणजे एकाच लक्ष्याला चिकटणारे प्रयोगशाळेत बनवलेले प्रथिन, होते. रोज तोंड उघडून औषध घालू न देणाऱ्या मांजरांसाठी ते वरदान आहे, काहींच्या मानेवर व चेहऱ्यावर खाज आणि खपल्या येतात एवढे लक्षात ठेवावे. ते मिळण्याची सोय आणि खर्च तुमच्या डॉक्टरांना विचारा.

ग्लुकोसामाइनच्या पुड्यांबद्दल मला रोज विचारतात. त्यांनी अपाय होत नाही, पण उपयोगाचा पुरावा फारच तोकडा आहे. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ चा पुरावा त्यापेक्षा बरा आहे. पैसे मोजकेच असतील तर ते आधी रक्ततपासणी, सतरंज्या आणि ट्रेवर खर्च करा. कापूर, निलगिरी किंवा वेदनाशामक बाम असलेली मलमे आणि मालिशची तेले अंगाला अजिबात लावू नका. मांजर ती चाटून पोटात घेते आणि त्यातले मिथाइल सॅलिसिलेट म्हणजे अॅस्पिरिनचेच भावंड आहे. ज्यांना हाताने काही करावेसे वाटते त्यांनी बोका निवांत पडलेला असताना मांडीच्या स्नायूंवर कोरड्या हाताने दोन-तीन मिनिटे हलके चोळावे, आणि त्याने शेपूट आपटली की थांबावे. खेळही बंद करू नका. दोरीला बांधलेले पीस जमिनीलगत फिरवा, उंच उडी मारायला लावू नका. दिवसातून तीन-चार वेळा दोन-दोन मिनिटे खेळणे, एकदाच वीस मिनिटे खेळण्यापेक्षा चांगले.

आता तिसरा प्रश्न. ट्रे बदलल्याचा परिणाम बहुधा चार-पाच दिवसांत दिसतो, आणि तो दिसला नाही तर लघवीची तपासणी पुन्हा करून घ्यावी. मेलॉक्सिकॅमचा फरक पहिल्या एक-दोन आठवड्यांत जाणवतो. मासिक इंजेक्शनचे खरे मूल्यमापन दुसऱ्या इंजेक्शननंतर करावे. वजनाचा परिणाम दिसायला काही महिने जातील. औषध सुरू करण्याच्या दिवशी कागदावर बोक्याच्या तीन सवयी लिहा, उदाहरणार्थ पलंगावर चढणे, कंबर चाटणे आणि संध्याकाळी दारापर्यंत येणे, आणि दर रविवारी प्रत्येकीपुढे ‘जमते’, ‘अडखळते’ किंवा ‘जमत नाही’ एवढेच नोंदवा. तो कागद, वजनाची नोंद आणि नवा व्हिडिओ घेऊन चार आठवड्यांनी दाखवायला या. त्याच वेळी मूत्रपिंडाची तपासणी पुन्हा होईल, आणि औषध चालूच राहिले तर त्यानंतर दर तीन ते सहा महिन्यांनी. एखादे मांजर औषधाशिवायच ठीक आहे का, ही शंका पडते तेव्हा मी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन आठवडे औषध थांबवून तोच कागद भरायला सांगतो. बहुतेक घरांतून दहाव्या-बाराव्या दिवशीच फोन येतो की बोका पुन्हा पलंगाखाली झोपू लागला आहे.